पाणी येणार नाही हे रेडिओने सांगायचं, का येणार नाही हे कुणी विचारायचं?

माळरान
मागच्या उन्हाळ्यात महिनाभर गावी होते. आमचा पट्टा दुष्काळी. आसपासच्या गावांत ऐकू येईल असं एक सामुदायिक रेडिओ केंद्र आहे, आणि आईची सकाळ त्याच्यावरच सुरू होते. मोबाईल पिठाच्या डब्याला टेकवलेला, एरियल म्हणून इयरफोनची वायर खोचलेली, आवाज स्पीकरवर, आणि ती भाकरी थापत बसलेली.

त्या दिवशी विषय होता उन्हाळ्यात जनावरांची काळजी. पशुवैद्यक छान समजावून सांगत होते. एका बाईंचा फोन लागला. त्यांनी विचारलं, दुभत्या गाईला दिवसाला पाणी किती लागतं? डॉक्टर म्हणाले, साठ-सत्तर लिटर तर धराच, या उन्हात त्याहून जास्त. त्यावर बाई म्हणाल्या, "मग आमच्या वस्तीवर टँकर आठ दिवसांनी येतो अन् कागदावर रोजची खेप लिहिलेली असती, ते कुणाला विचारायचं?"

निवेदिका म्हणाली, "ताई, आपण आजच्या विषयावर बोलूया." आणि गाणं लागलं.

आईचा हात परातीतच थांबला. म्हणाली, "विषयावरच तर बोलत होती की ती."

तेव्हापासून नियम शोधून वाचतेय. स्वयंसेवी संस्थांना आणि कृषी विज्ञान केंद्रांना असा रेडिओ चालवायची मुभा देणारं धोरण डिसेंबर २००६ चं. त्यात बातम्या, चालू घडामोडी आणि राजकीय स्वरूपाचे कार्यक्रम यांना मनाई आहे. खासगी एफएमलाही स्वतःच्या बातम्या नाहीत. त्यांच्या २०११ च्या धोरणात वीज, पाणी, हवामान, वाहतूक ही माहिती 'बातमी' धरलेली नाही. पण वीज-पाण्याची सूचना स्थानिक प्रशासनाने दिलेली हवी. म्हणजे उद्या नळाला पाणी येणार नाही हे सांगता येतं, का येणार नाही हे विचारलं की पंचाईत. माझं म्हणणं सरळ आहे, ही मनाई उठली पाहिजे. तुम्हाला काय वाटतं?

जुनाग्रामसेवक
पूर्ण असहमत. बत्तीस वर्षं ग्रामपंचायतीचं दप्तर सांभाळलंय, म्हणून लिहितो.

त्या बाई खऱ्या असतील. पण पुढचा फोन भावकीतल्या भांडणाचा असतो आणि त्याच्या पुढचा पडलेल्या उमेदवाराच्या माणसाचा. थेट प्रसारणात नाव घेतलं गेलं की ते परत घेता येत नाही. माझ्या नोकरीत एका गावात टँकर डिझेलअभावी दोन दिवस आला नाही. 'टँकर सरपंचाच्या मळ्यात रिकामा झाला' अशी आवई उठली आणि तिसऱ्या दिवशी ड्रायव्हरला मार बसला. त्या पोराचा काही संबंध नव्हता. त्याला दवाखान्यात मी नेलंय.

१ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात काय झालं आठवतंय ना? मुलं पळवणारी टोळी म्हणून डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. पोटासाठी फिरणारी माणसं होती ती. अफवा मोबाईलवर पसरते तेव्हा ही गत. तीच रेडिओवरून आली तर लोक तिला सरकारी शिक्का समजतील. आपल्याकडे 'रेडिओवर सांगितलं' याला अजून वजन आहे.

मायक्रोफोन
माळरान, त्या निवेदिकेला दोष देऊ नका. मी अशा एका केंद्रावर चार वर्षं काम केलंय. समोर काच, काचेपलीकडे कुणी नाही, कारण त्या वेळी केंद्रावर आपण एकट्याच असतो. फोनचा आवाज मिक्सरच्या ज्या पट्टीवर असतो तिच्यावर बोट ठेवून बसायचं. माणूस 'तहसील' म्हणाला की बोट आपोआप खाली येतं. केंद्राचा परवाना गेला तर दहा जणींचा रोजगार जातो, हे पहिल्याच आठवड्यात आम्हाला सांगून ठेवलेलं.

फोन कापल्यावर मी नंबर वहीत लिहून ठेवायचे आणि कार्यक्रम संपला की त्या माणसाला उलटा फोन करायचे. निदान ऐकून तरी घ्यायचे. त्या वहीची पानं भरली आहेत.

माळरान
ग्रामसेवक काका, ड्रायव्हरचं वाचून वाईट वाटलं. राईनपाड्याचं उदाहरण मात्र मला उलटं दिसतं. अफवा फोनवरून फिरत होती तेव्हा त्या भागातल्या लोकांना त्यांच्याच बोलीत, त्यांच्या ओळखीच्या आवाजात "हे खोटं आहे, आम्ही पोलिसांशी बोललो" असं सांगणारं कुणी होतं का? ते सांगणं म्हणजेच बातमी. बंदी अफवेला लागू होत नाही, खुलाशाला होते.

शिवाय फोनवरचा निरोप कुणी पाठवला ते सापडत नाही. रेडिओचं तसं नाही. प्रसारित झालेला प्रत्येक कार्यक्रम तीन महिने जपून ठेवायचं बंधन केंद्रावर आहे. कोण काय बोललं ते काढून ऐकता येतं. चोवीस तास ओरडणाऱ्या वृत्तवाहिन्यांना मुभा आणि दहा-पंधरा किलोमीटर ऐकू येणाऱ्या केंद्राला मनाई, हे मला कुणीतरी समजावून सांगा. रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ९ फेब्रुवारी १९९५ ला दिला. मुख्य निकालपत्र आपल्या न्या. पी. बी. सावंतांचं. सार्वजनिक म्हणजे त्या बाईचीसुद्धा, असं मी समजते.

कोरडवाहू
माझा विरोध वेगळ्या कारणासाठी. मनाई उठली तर बोलणार कोण? परवाना संस्थेला मिळतो, एकट्यादुकट्याला नाही. आणि आपल्याकडे कॉलेज, ट्रस्ट, प्रतिष्ठान कुणाच्या ताब्यात असतात हे महाराष्ट्राला वेगळं सांगायला नको. उद्या बातम्यांची मुभा मिळाली की तालुक्यातला प्रत्येक गट स्वतःचा रेडिओ काढेल आणि निवडणुकीत वाजवेल. आज तिथे निदान बियाणं, बाळंतपण, बचतगट असे विषय होतात. म्हसवडचं माणदेशी तरंग वाहिनी हे असंच सामुदायिक रेडिओ केंद्र २००८ पासून चालू आहे. बायका स्वतः बोलतात, स्वतः गातात. ती जागा राजकारणाने गिळू नये एवढंच मला वाटतं.

पैशाचंही बघा. तासाला बारा मिनिटं जाहिरात चालते, ती मर्यादाही २०२४ मध्ये सातवरून वाढवली. सरकारी जाहिरातीचा दर दहा सेकंदांना ७४ रुपये. यात बातमीदार कुठून ठेवायचा? खर्च जो उचलेल त्याचीच बातमी लागणार.

लेस्टरकर
बीबीसीचं पहिलं स्थानिक रेडिओ केंद्र आमच्या गावात, इंग्लंडमधल्या लेस्टरला सुरू झालं, ८ नोव्हेंबर १९६७ ला. इथे खड्डे, कचरा, बसच्या वेळा यांवर लोक मनसोक्त बोलतात. पण फोन थेट हवेत जात नाही. आधी निर्माता बोलून घेतो, काय म्हणायचंय ते विचारतो, कुणावर आरोप असेल तर दुसऱ्या बाजूला बोलावतो. निःपक्षपातीपणाचे नियम कडक आहेत. ग्रामसेवकांची भीती खरी आहे आणि तिच्यावर उपायही आहे. मात्र कोरडवाहूंचा मुद्दा इथेही टोचतो. २०२३ पासून खर्चकपातीत आठवड्यातल्या दुपारनंतरचे बरेचसे कार्यक्रम शेजारच्या केंद्रांशी वाटून घ्यावे लागतात. दुपारी कान लावला तर दुसऱ्याच शहराचं बोलणं ऐकू येतं.

माळरान
कोरडवाहू, संस्थांबद्दल तुमच्याशी सहमत आहे, ती भीती मलाही आहे. पण गटातटाचा माणूस आजही मुलाखतीला येतोच, 'समाजसेवक' म्हणून. त्याला प्रश्न तेवढा विचारता येत नाही. ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेने सप्टेंबर २०२३ मध्ये खासगी एफएमला तासाला दहा मिनिटं बातम्या देऊ द्याव्यात अशी शिफारस केली. शहरातल्या केंद्रांसाठी दहा मिनिटं मागता येतात, तर गावातल्यांसाठी का नाही? पाणी, रेशन, शाळा, रस्ता एवढ्यापुरतीच द्या, माझी हरकत नाही.

जुनाग्रामसेवक
थेट फोनला माझा विरोध कायम आहे. पण लेस्टरकर म्हणतात तसं आधी बोलून घेणार असाल, तक्रारीत माणसाचं नाव न घेता वस्ती सांगणार असाल आणि त्याच कार्यक्रमात गटविकास अधिकाऱ्याला बसवणार असाल, तर मी स्वतः ऐकेन. माझ्या वेळी असं व्यासपीठ असतं तर त्या ड्रायव्हरवर वेळ आली नसती. डिझेल नाही हे मीच सकाळी सांगितलं असतं.

मायक्रोफोन ताई, तुमची ती वही फेकू नका. टँकरच्या खेपांची नोंदवही असते, तिच्यावर गावातल्यांच्या सह्या असतात आणि ती माहिती अधिकारात मागता येते. तुमच्या वहीतल्या तारखा तिच्याशी ताडून बघा. अर्जात वस्तीचं नाव, महिना आणि टँकरचा नंबर लिहा, नाहीतर 'माहिती मोघम आहे' म्हणून परत पाठवतात. मसुदा हवा असेल तर मी लिहून देतो.