कुकूफ्लॉवर: नावांबद्दल थोडंसं

कुकूफ्लॉवर हे युरोपातलं एक रानफूल. कुकू पक्षी ओरडायला लागतो तेव्हा फुलतं म्हणून हे 'कुकूफ्लॉवर', असं सांगतात. बरोबर, इंग्रज वनस्पतितज्ज्ञ जॉन जेरार्डनेही १५९७च्या आपल्या वनस्पतिग्रंथात हाच मेळ सांगितलाय. पण त्याच्या जन्मगावी, इंग्लंडच्या चेशर परगण्यातल्या नँटविचला, याला 'लेडी स्मॉक' म्हणत. स्मॉक म्हणजे बायकांचा आतून घालायचा सैल झगा. ओलसर कुरणात ही फिकट जांभळी फुलं दाटीने फुलली की वाळत घातलेल्या कपड्यांसारखी दिसतात, असा एक खुलासा देतात. मला तो जरा ओढूनताणून वाटतो.

जर्मन नावात कुरण आणि फेस आहे. देठांवर थुंकीसारखा फेस दिसतो, तो एका रसशोषक किड्याच्या पिल्लांचा. इंग्रजीत त्या फेसालाही कुकूची थुंकी म्हणतात! म्हणजे कुकूचा संबंध दोन्हीकडून लागू शकतो. डच लोक मात्र याला पेंटेकॉस्ट या, ईस्टरनंतर सात आठवड्यांनी येणाऱ्या ख्रिस्ती सणाचं फूल म्हणतात, आणि त्या सणापर्यंत बहर बऱ्याचदा सरत आलेला असतो.

बाकी झाड मोहरीच्या कुळातलं, चार पाकळ्यांचं. कोवळी पानं तिखटसर लागतात, सॅलडमध्ये खातात.

आणि हो, हा कुकू म्हणजे आपला 'कुहू' करणारा कोकीळ नव्हे. कूळ एकच, पक्षी वेगळा.