डॉक्टर म्हणाले, "हे त्यांना सांगू नका", आणि मी नाही सांगितलं

पंचगंगाकाठ (प्रश्न)

(काल रात्री या पोस्टमधून गाव, पेशंटचं काम आणि आजाराचं नाव काढलं आहे. का काढलं ते पहिल्या उत्तरात कळेल.)

सांकेतिक भाषेच्या दुभाषी पदविकेचं माझं दुसरं वर्ष चालू आहे, म्हणजे अजून मी शिकाऊच. मध्यंतरी ओळखीतून एका काकांबरोबर दवाखान्यात जायचं काम आलं. काका जन्मापासून कर्णबधिर. लिहिता-वाचता जेमतेम येतं, पण साइन इतकी स्वच्छ की बघत राहावं. फोन पुतण्याचा आला, गाडी पुतण्याने पाठवली, पैसेही तोच देणार होता.

केबिनबाहेर बाकावर बसलो होतो. पुतण्याने मला जिन्यापाशी बोलावलं. "ताई, रिपोर्ट चांगला नाहीये. डॉक्टरांशी माझं बोलणं झालंय. काकांना इतक्यात कळू द्यायचं नाही, हाय खाईल माणूस. तुम्ही गोळ्यांचं तेवढं सांगा." मी "बरं" म्हणाले. तो माणूस वाईट नव्हता. बोलताना त्याचे डोळे भरले होते.

आत डॉक्टर टेबलापलीकडे, काका स्टुलावर, आणि मी डॉक्टरांच्या शेजारी जरा मागे, म्हणजे काकांना आम्ही दोघंही एका नजरेत दिसू. हे वर्गात शिकवतात तसं नीट जमलं होतं. डॉक्टरांनी फाईल उघडली, पेनाचं टोक एका ओळीवर टेकवलं आणि पुतण्याकडे बघून बोलायला लागले. आजाराचं नाव, कुठवर गेलाय, पुढे काय करता येईल, मोठ्या शहरात न्यायचं का, खर्च किती. मिनिटभर तरी बोलत होते. मग पेन तिथेच ठेवून माझ्याकडे वळले. "हे त्यांना सांगू नका. गोळ्या चालू ठेवा म्हणा, पंधरा दिवसांनी या म्हणा."

मी साइन केलं: गोळ्या चालू, पंधरा दिवसांनी परत.

काकांनी पेनाकडे पाहिलं, डॉक्टरांच्या तोंडाकडे पाहिलं, मग माझ्या हातांकडे. माझे हात तोवर मांडीवर आले होते. त्यांनी भुवया उंचावून विचारलं, "एवढंच?"

मी मान हलवली. एवढंच.

त्या दिवसापासून मला हा एक शब्द टोचतोय. बाकीचं डॉक्टरांनी सांगायला लावलं होतं. "एवढंच" कुणीच सांगायला लावलं नव्हतं, ते माझं मी सांगितलं.

तीन आठवड्यांनी काकांना घरातल्या एका लहान मुलाकडून सगळं कळलं. आता ते माझ्या मेसेजला उत्तर देत नाहीत. मित्रांमध्ये म्हणाले म्हणे, ती घरच्यांचीच माणूस आहे.

मला सांत्वन नको आहे. अशा वेळी खोलीत, त्या क्षणी, नेमकं काय करायचं आणि कोणत्या शब्दांत, हे कुणी अनुभवी माणूस सांगेल का?

---

बोटांची_भाषा

आधी ते गाव काढ. काम आणि आजारही काढ. आपल्याकडचा कर्णबधिर समाज केवढासा आहे! शाळा त्याच, मेळावे तेच, लग्नाला येणारी माणसं तीच. तालुका, वय, धंदा आणि आजार एवढं लिहिलंस की माणूस कोण ते ओळखायला कुणालाही अर्धा मिनिट पुरेल. नाव घेतलं नाही म्हणजे गुप्तता पाळली असं होत नाही.

आता तुझा प्रश्न. माझे आई-वडील दोघंही कर्णबधिर, त्यामुळे मी कळायला लागल्यापासून दुभाषी आहे. नऊ-दहा वर्षांची असताना भाडं थकलं की घरमालक दारात येऊन वडिलांना नको नको ते बोलायचा. मी त्यातलं "भाडं कधी?" एवढंच साइन करायचे, शिव्या गिळायचे. वडिलांना बरं वाटावं म्हणून. एकदा तो गेल्यावर वडिलांनी मला समोर बसवलं आणि साइन केलं: "शिवी मला दिली. तू का ठेवून घेतेस? माझी आहे, मला दे." या कामाबद्दल मी जे काही शिकले त्यातलं पहिलं हे. त्या माणसाशी कसं वागायचं हे वडिलांना ठरवायचं होतं, आणि मी त्यांना ते ठरवूच देत नव्हते.

काकांचा रिपोर्ट तसाच काकांचा होता.

खोलीत काय करायचं? खरं तर डॉक्टरांचं बोलणं सुरू व्हायच्या आधीच करायचं. मी पहिल्या दहा-पंधरा सेकंदांत, सगळ्यांसमोर, तोंडाने बोलते आणि लगेच तेच साइन करते: "इथे जे बोललं जाईल ते सगळं मी यांना सांगणार. हे जे साइन करतील ते सगळं तुम्हाला बोलून दाखवणार. डॉक्टर, तुम्ही यांच्याकडे बघून बोला, माझ्याकडे नको. यांच्यापर्यंत जाऊ नये असं काही असेल तर ते माझ्यासमोर बोलू नका." एवढं झालं की निम्मी अडचण उरत नाही. लोकांना मुळात माहीतच नसतं. त्यांना वाटतं ही सोबत आलेली मुलगी आहे, आपण सांगू तेवढं ही सांगेल.

तरीही डॉक्टर म्हणाले, "हे सांगू नका", तर तेही साइन करायचं. जसंच्या तसं. "डॉक्टर म्हणतायत, हे त्यांना सांगू नका." मला ठाऊक आहे, हे ऐकून तुझ्या पोटात गोळा येईल. माझ्याही येतो. पण होतं असं की पेशंट डॉक्टरांकडे वळून विचारतो, "काय सांगू नका?" आणि मग डॉक्टरांना त्याच्याशी बोलावंच लागतं. ज्याचं काम ते त्याच्या हाती जातं. एकदा एका डॉक्टरांनी मला बाहेर जायला सांगितलं. "मी बाहेर जाते आहे, मला जायला सांगितलंय" असं साइन करून मी बाहेर आले. पेशंट माझ्या मागोमाग उठला. पुढच्या वेळी त्याच डॉक्टरांनी त्याला समोर बसवून सगळं समजावलं.

जिन्यातलं बोलणं मात्र वेगळं. तिथे कळलेली गोष्ट आपण आपल्या मनाने जाऊन काकांना सांगायची नाही. रिपोर्ट सांगणं डॉक्टरांचं काम, आपल्याला त्यातलं कळतही नसतं. पण पुतण्याला तिथल्या तिथे म्हणायला हवं होतंस: "दादा, मी आत गेल्यावर काही गाळू शकत नाही. तुम्हाला काळजी वाटते ती डॉक्टरांना सांगा, कसं सांगायचं ते डॉक्टर ठरवतील. तुम्हाला हे मान्य नसेल तर मी आत्ताच येत नाही." तुझं "बरं" हे वचन झालं, आणि आत तू काकांची न राहता त्या वचनाची झालीस. आणि शक्यतो जिन्यापाशी जायचंच नाही. बाकावर काकांच्या शेजारी बसायचं.

पैसे पुतण्याने दिले म्हणूनही संकोच झाला असेल, तू लिहिलं नाहीस तरी. पैसे सरकार देवो, कंपनी देवो, नाही तर घरचे देवोत. फी ठरवतानाच सांगावं की फी दोघांचं बोलणं पोचवण्याची आहे.

कायद्याचं बोलायचं तर समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये म्हटलंय की सज्ञान, शुद्धीवर येऊ शकणाऱ्या पेशंटच्या वतीने आईने दिलेली संमतीसुद्धा चालत नाही. तिथे आई चालली नाही, इथे पुतण्या कसा चालेल? दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा. त्यात संवादाच्या व्याख्येत सांकेतिक भाषा आहे, आणि स्वतःचे निर्णय स्वतः घेण्याचा इतरांइतकाच हक्क दिव्यांगांना आहे हेही आहे. डॉक्टरांना कायदा सुनवायला जाऊ नकोस, पण तुझ्या पाठीशी काय आहे ते तुला माहीत असू दे.

अजून एक, आणि हे मी जरा रागानेच लिहिते आहे: दुसऱ्या वर्षाच्या मुलीला अशा भेटीला एकटं पाठवायलाच नको होतं. गंभीर आजाराची भेट आणि पोलीस-कोर्टाची कामं पदविका पूर्ण करून, भारतीय पुनर्वास परिषदेची (आरसीआय) नोंदणी झाल्यावर, आणि तेव्हाही सुरुवातीला कुणा अनुभवी माणसाबरोबर करायची. आजाराचं नाव तू इंग्रजी अक्षरांत बोटांनी दाखवलं असतंस, तर जेमतेम वाचणाऱ्या काकांना त्यातून काय कळणार होतं? तिथे शरीरात काय वाढतंय, कुठून कुठे जातंय हे दाखवावं लागतं, तेही डॉक्टरांना विचारत विचारत. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन आणि प्रशिक्षण केंद्राच्या शब्दकोशात २०२१ पर्यंत १०,००० शब्द झाले, वैद्यकीय शब्दही आहेत, पण शब्दकोशातली खूण काकांनी आधी कधी पाहिलेलीच नसेल तर तिचा काय उपयोग? अशा पेशंटसाठी मी कर्णबधिर दुभाषी बरोबर घेते, म्हणजे स्वतः कर्णबधिर असलेला, माझं साइन बघून ते पेशंटला कळेल अशा खुणांत सांगणारा. त्याच्या हातांत जे येतं ते माझ्या हातांत येत नाही.

आणि "समजलं का?" असं कधी विचारायचं नाही. मान हलवून मोकळं व्हायची सवय आपल्या लोकांना शाळेपासून लागलेली असते. डॉक्टरांना सांगायचं, "गोळ्या कशा घेणार ते त्यांनाच सांगायला सांगा."

---

नंतर_सांगतो

मी स्वतः कर्णबधिर आहे. हे नाव मी मुद्दाम घेतलंय. घरात सगळ्यात जास्त वेळा मी हेच दोन शब्द ओठांवर वाचलेत. टीव्हीपुढे सगळे हसले, काय झालं? नंतर सांगतो. आत्याचा फोन आला, आई रडायला लागली, काय झालं? नंतर सांगतो. ते नंतर कधी येत नाही. माझी आजी गेली हे मला तिरडीचे बांबू दिसल्यावर कळलं. मी अठरा वर्षांचा होतो.

शाळेत खुणा केल्या की हातावर पट्टी बसायची, ओठ वाचायला शिका म्हणायचे. त्यामुळे ओठ किती वेळ हलले हे आम्हाला बरोबर कळतं, काय म्हणाले ते कळलं नाही तरी. तुमच्या काकांनी मिनिटभर ओठ हललेले पाहिले आणि तुमचे हात दोन सेकंद. त्यांना तिथेच कळलं होतं. लहान मुलाकडून फक्त आजाराचं नाव कळलं.

तुम्ही रागावू नका. मला घरच्यांचा राग येत नाही, त्यांना साइन येत नाही. पण दुभाषी आला की वाटतं, आज तरी नंतर नाही, आत्ता. म्हणून दुभाष्याने लपवलेलं जास्त लागतं.

बोटांची_भाषा यांनी सांगितलंय त्यात एक घालतो. काही गाळावंच लागलं, ऐकू आलं नाही, समजलं नाही, चुकलं, तर तेही हाताने सांगा. "मला ऐकू आलं नाही", "थांबा, मी चुकीचं सांगितलं." चूक सांगणारा दुभाषी मी पुन्हा बोलावतो.

---

वॉर्ड_नंबर_तीन

मी परिचारिका आहे. नातेवाईक असं सांगतात ते ऐकू येणाऱ्या पेशंटच्या बाबतीतही, अगदी रोज. पण तो पेशंट दाराआडून ऐकतो, रात्री सिस्टरला विचारतो, शेजारच्या खाटेवरच्याशी बोलतो, फाईल उघडून बघतो. त्याला दहा वाटा असतात. तुमच्या काकांना त्या खोलीत एकच वाट होती.

काही पेशंटना खरंच सगळं नको असतं, "माझ्या मुलाशी बोला" म्हणतात. तेही त्यांनीच म्हणायचं असतं. आमच्याकडे एक मोठे डॉक्टर होते, ते रिपोर्ट उघडण्याआधी विचारायचे, "तुम्हाला सगळं सांगू, का घरच्यांना सांगू?" दुभाषी असताना हा प्रश्न विचारायला दहा सेकंद जास्त लागतील.

---

पंचगंगाकाठ

ताई, गाव काढलं. आधीच का सुचलं नाही कळत नाही. शिकवणाऱ्या मॅडमनाही सगळं सांगितलं, कुणाचंही नाव न घेता. यापुढे दवाखान्याचं काम एकटीने घेणार नाही.

काकांना मेसेज करण्याऐवजी व्हिडिओ पाठवला. खिडकीकडे पाठ नको म्हणून भिंतीसमोर उभी राहिले, बांगड्या काढल्या, आणि साइन केलं: "त्या दिवशी डॉक्टर बरंच बोलले. मी तुम्हाला सांगितलं नाही. तुम्ही 'एवढंच?' विचारलंत, मी हो म्हणाले. ते खोटं होतं." घरच्यांनी सांगितलं म्हणून, असं म्हणणार होते. तो भाग पुसून पुन्हा रेकॉर्ड केला.

दोन दिवस काही नाही. मग त्यांचा व्हिडिओ आला. रागाचं काही नव्हतं त्यात. एवढंच विचारलं होतं: "पेन ठेवल्यावर डॉक्टर तुझ्याकडे बघून बोलले. ते काय?"

म्हणजे त्यांना तो क्षण तसाच्या तसा आठवतोय. नंतर_सांगतो, तुम्ही म्हणालात ते खरं.

आजाराबद्दल काही सांगितलं नाही, ते त्यांना आता डॉक्टरांकडून नीट कळतंय. पण हे वाक्य माझ्याशी, त्यांच्यासमोर बोललेलं होतं. ते पूर्ण साइन करून पाठवलं: "हे त्यांना सांगू नका. गोळ्या चालू ठेवा म्हणा, पंधरा दिवसांनी या म्हणा."

त्यांनी पुढच्या भेटीसाठी दुसरी दुभाषी मागितली. मी दोन नंबर पाठवले. हे सगळं इथे लिहू का, असंही विचारलं होतं. लिही म्हणाले, गाव सोडून.