मदत हवी आहे: पोकेमॉन कलोसियममधला रायकू शुद्ध होत नाही

गेमक्यूबवर पोकेमॉन कलोसियम खेळतोय. खलनायकांच्या टोळीतल्या आइनकडून शॅडो रायकू (मन कृत्रिमरीत्या बंद केलेला पोकेमॉन) हिसकावून घेतला, पण त्याची हृदयपट्टी काही केल्या रिकामी होत नाही; ती रिकामी झाली तरच तो शुद्ध करता येतो. लढाईत उतरवतो, हायपर मोडमध्ये गेला (म्हणजे बेभान झाला) की नावाने हाक मारून शांत करतो, संघात घेऊन फिरतोही. काल हाक मारल्यावर जांभळी पट्टी जराशी मागे सरकली, तेवढ्यानेच भरून आलं. टाइम फ्लूट (पोकेमॉनला एका झटक्यात शुद्ध करणारी बासरी) माझ्याकडे एकच आहे आणि अख्ख्या गेममध्ये तीनच मिळतात, त्यामुळे वाजवायला मन धजत नाही. रायकूवर वापरू की शेवटच्या लढाईतल्या टायरॅनिटार या शॅडो पोकेमॉनसाठी राखून ठेवू? आणि स्वभावानुसार परिणाम बदलतो, तर उतावळ्या स्वभावाला हाक जास्त लागू पडते की सेंट (पोकेमॉनला लावायचं सुगंधी द्रव्य)? कुणी करून पाहिलं असेल तर प्लीज सांगा.