‘बाहेरचं आहे’ म्हणून नैराश्याच्या गोळ्या सोडणारे रुग्ण

समुपदेशक: नैराश्यावरच्या एसएसआरआय गटातल्या गोळ्या सुरू झाल्या की काही रुग्ण दहा-बारा दिवसांतच सोडतात. घरच्यांचं म्हणणं, ‘हे बाहेरचं आहे, गोळीनं जाणार नाही.’ श्रद्धेवर वाद न घालता गोळ्या चालू कशा ठेवाव्यात?

मनोविकारतज्ज्ञ: दहावा-बारावा दिवसच का, ते पाहा. मळमळ, डोकेदुखी, उडालेली झोप हे सगळं पहिल्या एक-दोन आठवड्यांत. मन हलकं व्हायला २ ते ४ आठवडे, पुरता गुण यायला त्याहून जास्त. मधल्या दिवसांत पदरी नुसता त्रास, आणि ‘गोळी मानवत नाही, म्हणजे दुखणं वेगळंच’ हे तिथेच ठरतं. म्हणून हा हिशेब पहिल्याच भेटीत सांगा, तोही घरात ज्याचा शब्द चालतो त्याला समोर बसवून. मळमळ होत असेल तर गोळी जेवणानंतर, झोप उडत असेल तर सकाळी. आठवड्याभरात फोन करा. पंचविशीच्या आतल्यांना तर नक्कीच, सुरुवातीला आत्महत्येचे विचार वाढू शकतात.

फार्मासिस्ट: सोडल्यावर होतं ते जास्त फसवं. पॅरोक्सेटिन किंवा व्हेन्लाफॅक्सिन ही नैराश्याची औषधं एकदम बंद केली की दोन-चार दिवसांत चक्कर, डोक्यात वीज चमकल्यासारखे झटके, भयंकर स्वप्नं. घरचे म्हणतात, ‘बघा, परत धरलं!’ फ्लुओक्सेटिन शरीरात रेंगाळतं, त्यात हे कमी. बंद करायचंच तर डॉक्टरांच्या सल्ल्याने, मात्रा हळूहळू उतरवत. आणि कुणी पुडी-काढा दिला असेल तर आणून दाखवायला सांगा. त्यात सेंट जॉन्स वर्ट ही वनस्पती असेल तर या गोळ्यांबरोबर सेरोटोनिन सिंड्रोमचा, म्हणजे शरीरात सेरोटोनिन फार वाढून होणाऱ्या गंभीर त्रासाचा धोका.

समुपदेशक: पण ‘बाधा वगैरे नाही’ हे सांगायचं कधी?

मनोसामाजिक कार्यकर्ती: घाई कशाला? त्या वादात गोळी हरते. आधी विचारा: हे कशामुळे झालं वाटतं, आजवर काय काय केलं, गोळीला कोण नको म्हणतं? मग सरळ सांगा, विधी करा, पण गोळी चुकवू नका. मारहाण, साखळ्या, उपाशी ठेवणं चालणार नाही. सोबत लिथियम हे मनःस्थिती स्थिर ठेवणारं औषध असेल तर निर्जळी उपास नकोच, अंगातलं पाणी घटलं की रक्तातलं लिथियम चढतं. बरं वाटल्याचं श्रेय विधीला जाईल, जाऊ द्या. गोळी मात्र त्यानंतरही किमान ६ महिने.

मनोविकारतज्ज्ञ: एक राहिलं. शापाची कल्पना आजारासोबतच सुरू झाली, घरात दुसऱ्या कुणालाच ती पटत नाही, शिवाय आवाज ऐकू येतात, तर ही श्रद्धा नव्हे, लक्षण आहे. अशा भास-भ्रमांसह येणाऱ्या नैराश्याला, म्हणजे सायकोटिक डिप्रेशनला, सहसा नुसती नैराश्याची गोळी पुरत नाही. अशा रुग्णाला त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवा.