घरच्या आजारी माणसाला सांभाळणाऱ्याच्या नावावर पैसे मिळायला हवेत की नकोत?

सिडकोची सून
सासूबाईंना २०२१ मध्ये पॅरालिसिसचा झटका आला, उजवी बाजू गेली. तेव्हा मी अंबडला एका कंपनीत पॅकिंगला होते, हातात १३,५०० यायचे. आजाऱ्याला सांभाळायला बाई पुरवणाऱ्या ब्युरोवाल्यांनी बारा तासांच्या बाईचे महिन्याला १६ हजार सांगितले. म्हणजे हिशोब सरळच होता, नोकरी मी सोडली. पीएफ तिथेच थांबला.

आता काम काय असतं ते सांगते. दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर माकडहाडाशी कातडी लाल होते आणि मग जखम भरता भरत नाही. चादरीची चौपदरी घडी कमरेखाली घालून ठेवते, तिच्याच दोन्ही कडा धरून त्यांना ओढते. एकटीनेच. रात्रीसुद्धा. मिस्टर सेकंड शिफ्ट करून येतात, त्यांना किती उठवणार?

संजय गांधी निराधारचे पैसे रुग्णाच्या नावावर येतात, आणि त्याला उत्पन्नाची अट वर्षाला २१ हजारांची. एका माणसाचा कंपनीचा पगार असला की ते घर बाद. सांभाळणाऱ्याचं नाव तर कुठेच नाही. पण २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ‘केअरगिव्हर’ची व्याख्या आहे. तीत आईवडील आणि घरचे लोक येतात, मोबदला घेणारे आणि न घेणारेही. जास्त आधार लागणाऱ्या दिव्यांगांसाठी काळजीवाहू भत्त्याची तरतूदही त्याच कायद्याच्या कलम २४ मध्ये आहे. आम्ही आठ घरांतल्या बायका मिळून जिल्हाधिकाऱ्यांना निवेदन लिहितोय: हा भत्ता सुरू करा आणि सांभाळणाऱ्याच्या खात्यात जमा करा. मतं सांगा, विरोधी असली तरी सांगा.

नाशिकरोडकर
ताई, तुमच्या कष्टांना नमस्कार. पण मला हे पटत नाही. माझी आई नऊ वर्षं अंथरुणावर होती, मी आणि हिने मिळून केलं. सरकारने त्याचे पैसे लावले असते तर आईला स्वतःचंच ओझं वाटलं असतं. ती शेवटपर्यंत ताठ होती, ‘माझी माणसं माझं करतात’ म्हणायची. आणि जी मुलं करत नाहीत त्यांच्यासाठी २००७ चा कायदा आहेच. दरमहा १० हजारांपर्यंत पोटगी लावता येते.

सिडकोची सून
काका, तो कायदा न करणाऱ्या मुलांसाठी. जो करतो त्याला त्यात काय आहे? आणि एक विचारते, राग मानू नका. नऊ वर्षांत तुमचा पगार सुरूच होता ना? काकूंचा?

नाशिकरोडकर
ती शिवणक्लास घ्यायची. आईचं आजारपण आलं आणि तो बंद झाला. खरं आहे ते, नाकारत नाही. तरीही नात्याला पावती जोडू नये, एवढंच माझं म्हणणं.

पंचवटीची वाचक
माझा विरोध वेगळ्या बाजूने. केंद्राच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात, घरच्यांची देखभाल करणाऱ्या १५ ते ५९ वयाच्या बायकांचा दिवसाला सुमारे १४० मिनिटं वेळ त्यात जातो, पुरुषांचा ७४. आता त्यावर दीड-दोन हजारांचा भत्ता ठेवा. घरात लगेच काय ऐकू येईल? ‘तुला पैसे मिळतात ना, मग तूच कर.’ नणंद हात लावणार नाही, नवरा तर नाहीच. सून कायमची त्या खाटेला बांधली जाईल. त्यापेक्षा तेच पैसे प्रभागात दिवसभराच्या देखभाल केंद्रावर खर्च करा, शिकवलेली माणसं घरी पाठवा.

कॉलेज रोडची नर्स
मी अकरा वर्षं इंग्लंडमध्ये नर्सिंग केलं, तिथलं सांगते. तिथे आठवड्याला किमान ३५ तास सांभाळणाऱ्याला ‘केअरर्स अलाउन्स’ मिळतो. १९७६ मध्ये तो सुरू झाला तेव्हा लग्न झालेल्या बाईला तो मिळायचाच नाही. ती घरीच असते आणि तिचं हे कामच आहे, असं धरून चालायचे. एक बाई कोर्टात गेली, तेव्हा १९८६ मध्ये तो विवाहित बायकांनाही मिळू लागला. (काका, आपल्याकडे आज हेच ऐकू येतं.)

पण त्यातला खड्डाही सांगते, निवेदनात तो नको. कमाई ठरलेल्या मर्यादेपेक्षा एका पौंडाने जरी वर गेली तरी त्या आठवड्याचा सगळा भत्ता जातो. लोकांना नंतर हजारो पौंड परत करावे लागले. म्हणून कमाई वाढेल तसा भत्ता थोडा थोडा कमी होऊ दे, एकदम तोडू नका. जर्मनीत तर घरच्या सांभाळणाऱ्याच्या पेन्शनचा हप्ताही भरला जातो. पीएफचा मुद्दा तिथूनच घ्या.

निफाडचा बागायतदार
पैसा कुठून येणार ते कोणीच बोलत नाही. लाडकी बहीणमध्ये पुरुषांच्या नावावरही पैसे गेले होते, ते २०२५ मध्ये उघडकीला आलं. इथे तर म्हातारं माणूस दाखवलं की झालं. खोटे अर्ज आले की खऱ्या घरचं कागद तपासणीत अडकतं. मी सही करणार नाही.

सिडकोची सून
दादा, लबाडी होईल म्हणून पिकाचे पंचनामे बंद होतात का? कोणाच्या घरी कोण अंथरुणाला खिळलंय हे आमच्या आशाताईंना तोंडपाठ आहे. तीन महिन्यांनी त्यांनी येऊन पाहावं, त्या भेटीचे त्यांनाही पैसे द्यावेत. केरळ ‘आश्वासकिरणम’मधून सांभाळणाऱ्याला महिन्याला ६०० रुपये देतं. रक्कम तुटपुंजी आहे, पण सांभाळणारा म्हणून नाव कागदावर चढलं.

पंचवटीच्या ताई, तुमचं म्हणणं मला दोन दिवस टोचत होतं. आमच्या मसुद्यात ‘सुनेच्या खात्यात’ असं होतं, ते काढलं. आता ‘प्रत्यक्ष सांभाळणारी व्यक्ती’, मुलगा असो की नवरा.

पंचवटीची वाचक
तेवढ्याने भागत नाही. महिन्यातून चार दिवस बदली माणूस, हे पहिलं कलम करा. पैसे नंतर. मग मी सही करते, माझ्या बिल्डिंगमधूनही आणून देते.

सिडकोची सून
बदली माणूस दुसरं कलम करते, पहिलं नाही करत. मेडिकलवाल्याकडे डायपरची उधारी आत्ता २,३०० वर गेलीय. चार दिवस सुट्टी मिळाली तरी ती तशीच राहते.