मदत हवी आहे: वेबसाईट आणि लायब्ररी वेगळ्या रेपोत (गिट या बदल नोंदवणाऱ्या साधनातल्या कोडच्या साठ्यात) कशी टाकू?

मंडळी, सोलापुरातनं लिहितोय. आम्ही दोघा मित्रांनी चादरीच्या जेकार्ड (मागावर विणलेल्या नक्षीच्या) डिझाईनसाठी चित्राचे चौकोन पाडून देणारी छोटी पायथन लायब्ररी (दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये वापरता येणारा तयार कोड) लिहिलीय, आणि तिची वेबसाईट पण त्याच रेपोत एका फोल्डरात पडलीय. आता तिथं चादरींचे मोठमोठे फोटो टाकून टाकून रेपो इतका फुगलाय की क्लोन (सगळ्या रेपोची कॉपी उतरवायला) लावून चहा पिऊन या, तरी चालूच. वर वेबसाईटवरचं एक स्पेलिंग सुधारलं तरी लायब्ररीचा कोड तपासणाऱ्या सगळ्या टेस्ट पळतात, काय अर्थय सांगा!

गिट सबट्री स्प्लिट (एका फोल्डरची हिस्ट्री वेगळी काढणारी कमांड) करून बघितलं, फोल्डरची हिस्ट्री, म्हणजे जुन्या बदलांची नोंद, वेगळ्या ब्रँचवर (फांदीवर) नीट आली, पण मूळ रेपोत जुने फोटो तसेच. ते काढायला गिट फिल्टर-रेपो (हिस्ट्री नव्यानं लिहिणारं साधन) वापरलं तर कमिटचे हॅश (प्रत्येक नोंदवलेल्या बदलाचे ओळख-क्रमांक) बदलणार, मग इश्यूत (रेपोवरच्या तक्रारी-चर्चांत) दिलेल्या जुन्या लिंकांचं काय, आणि ज्या ३-४ जणांनी फोर्क केलंय (रेपोची स्वतःची कॉपी घेतलीय) त्यांना काय सांगायचं? शिवाय साईट गिटहब पेजेसवर (रेपोतनंच साईट दाखवणारी गिटहबची सेवा, पत्त्यात रेपोचं नाव येतं), स्वतःचं डोमेन घेतलेलं नाही, म्हणजे नव्या नावाच्या रेपोत नेली की पत्ताच बदलणार.

हिस्ट्री साफ करू का राहू देऊ? कुणी केलंय का असं?