जुनी फायबर बोट घ्यायचीय, समुद्रातल्या मासेमारीसाठी – बघताना काय काय बघू?

शहादेकर_गळवाला

राम राम मंडळी. मी शहाद्याचा, पपई-केळीची शेती आहे आणि गळाचा नाद लहानपणापासून. आजवर सगळं गोड्या पाण्यातलं, सारंगखेडा-प्रकाशाच्या बॅरेजला, उकाईच्या फुगवट्याला, कधी हतनूरला. आता झालंय असं की माझा शालक डहाणूकडे नोकरीला आहे, त्याच्या ओळखीचा तिथला एक तांडेल (बोट चालवणारा कोळी) भागीत यायला तयार आहे, म्हणजे बोट आम्ही घ्यायची, तो चालवणार, आठवडाभर त्याचा धंदा आणि महिन्यातनं एखाद-दोनदा आम्ही जाऊ सुरमई-घोळीच्या मागे.

दोन बोटी बघितल्या, म्हणजे शालकाने फोटो पाठवले. एक 24 फुटी उघडी, मागे 40 एचपीचं टू-स्ट्रोक आऊटबोर्ड (बाहेर टांगायचं इंजिन), मालक म्हणतो 2014 ची आहे, सव्वातीन लाख सांगतो, नुकताच रंग मारलाय एकदम चकाचक. दुसरी 28 फुटी, पुढे छोटी केबिन, आत डिझेल इंजिन, साडेपाच सांगतो, पण रंग उडालेला, जाळ्यांचे घासे, डिझेलचे डाग, दिसायला अगदीच भंगार. मन पहिलीवर बसलंय खरं सांगायचं तर.

धरणावर सोसायटीची फायबर होडी वापरलीय त्यामुळे फायबर काय असतं ते माहितीय, पण समुद्राची बोट बघताना काय बघतात ते नाही. पेट्रोल किती खाईल, किती आत जाता येईल, कागद कोणते लागतात, आणि पावसाळ्यात समुद्र बंद असतो तेव्हा हीच बोट इकडे धरणावर आणता येईल का? जाणकारांनी सांगा.

जंक्शनवाला_भुसावळ

काय भो, तापीतले मासे संपले का सगळे? 😄 मस्करी सोडा, पण फोटो बघून सव्वातीन लाख द्यायचे नाहीत एवढं मलाही कळतं. आमच्याकडे हतनूरला एकाने अशीच जुनी होडी आणली होती किनाऱ्यावरून, वरून झकास आणि आठवडाभरात खालून पाणी. बाकी जाणकार सांगतीलच.

फायबरवाला_धुळे

दादा, मी बरीच वर्षं पालघरकडे फायबर बोटींच्या कारखान्यात मोल्डिंगला होतो, आता धुळ्यात टाक्या आणि दरवाजे करतो, म्हणून जरा लांबड लावतो, वाचा.

आधी तुमच्या त्या चकाचक रंगाचं. सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा घेताना तुम्ही झूल बघून पैसे देता का, दात आणि खूर बघता ना, तसंच इथं. विकायला काढल्यावर नवा रंग मारलेली बोट मी दुप्पट वेळ बघतो, कारण रंगाखाली पुट्टी असते आणि पुट्टीखाली काय आहे ते मालकालाच ठाऊक. जिचे घासे-डाग दिसतात तिचं निदान सगळं समोर तरी असतं.

सगळ्यात आधी ट्रान्सम, म्हणजे मागची उभी फळी जिच्यावर आऊटबोर्ड टांगतात ती. जुन्या बोटीत ती नुसती फायबरची नसते, आत प्लायवूड असतो आणि दोन्ही बाजूंनी फायबर चढवलेलं असतं. इंजिनचे बोल्ट, पाणी काढायचं बूच, शिडीचे स्क्रू असं जिथं जिथं भोक पाडलंय तिथून पाणी आत झिरपतं आणि लाकूड आतल्या आत कुजतं, बाहेरून रंग तसाच चमकतो. ओळखायचं कसं तर प्लास्टिकच्या तोंडाची हातोडी घ्या, नाहीतर स्क्रू ड्रायव्हरची मूठ, आणि वितीवितीवर हलकं ठोकत जा. चांगल्या ठिकाणी आवाज कडक येतो, कुजलेल्या ठिकाणी भद्द. मग इंजिन वर उचलून लॉक करा आणि खालच्या भागावर, पंख्याच्या वरती धरून, जोर देऊन खाली-वर करा, त्याच वेळी दुसऱ्याने ट्रान्सम आणि तळाचा जोड निरखायचा. फळी हलताना दिसली किंवा जोडाला केसाएवढी भेग उघडमिट झाली तर त्या बोटीचा विषय संपला. ट्रान्सम नवा बसवता येतो, पण ते काम स्वस्त नाही आणि बोटीला उघडंनागडं करून करावं लागतं.

मग डेकवर चालून बघा, बूट काढून. पायाखाली कुठं दबल्यासारखं वाटलं तर खालचा प्लाय गेला. डेकखाली बऱ्याच बोटीत फोम भरलेला असतो बुडू नये म्हणून, त्यात पाणी शिरलं की तो फोमच बोटीला खाली ओढतो. यावर एक खेडवळ पण पक्का उपाय सांगतो, बोट ट्रेलरवर असेल तर वजनकाट्यावर न्या, आपण कापूस-ऊस नेतो तसल्याच, ट्रेलर-इंजिन वजा करा आणि त्याच मोल्डच्या दुसऱ्या कोरड्या बोटीचं वजन कारखान्याला विचारा. दीडशे-दोनशे किलोचा फरक आला तर ते पाणीच आहे, दुसरं काही नाही. पाण्यात उभी असेल तर बाजूच्या तशाच बोटीपेक्षा ती खाली बसलीय का ते बघा.

तडे दोन जातीचे. खुंट्यांच्या किंवा ठोकर लागलेल्या जागी चांदणीसारखे असतात, ते बहुतेक जेलकोटचे, म्हणजे वरच्या चकचकीत थराचे, फारसं घाबरू नका. पण तळाला आतले लांब बीम असतात त्यांच्या रेषेत सरळ समांतर तडे दिसले तर तळ लवतोय, मग आतून बीम सुटलाय का ते बॅटरी लावून बघायचंच. बारीक तडा नजरेला येत नसेल तर पातळ केलेली शाई फडक्याने फिरवा आणि लगेच पुसा, भेग असेल तिथं रेघ राहते. आणि कीलकडे, खालच्या मधल्या कण्याकडे, वाकून झोपून बघा. किनाऱ्यावर वाळूत ओढलेल्या बोटीचं फायबर तिथं झिजून कापडाचे धागे दिसायला लागतात.

आता आऊटबोर्ड. पोचल्यावर पहिलं काम, झाकणावर हात ठेवा. गरम लागलं तर मालकाने आधीच चालू करून ठेवलंय, थंड इंजिन एका-दोन ओढीत लागतं की नाही हे तुम्हाला कळूच द्यायचं नाहीय त्याला. चालू झालं की बाजूने पाण्याची धार जोरात यायला पाहिजे. बारीक धार म्हणजे आतल्या पाण्याच्या पंपाचा रबरी पंखा गेलाय, तो स्वस्त आहे, पण त्यामुळं इंजिन किती वेळा तापलं असेल ते कोण सांगणार. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजून घ्या, आकडा किती यापेक्षा सिलिंडर-सिलिंडरमधला फरक बघा, दहा टक्क्यांवर नको. खालच्या गिअरचा स्क्रू जरासा सैल करा, तेल दुधाळ आलं तर सील गेलं, खारं पाणी गिअरमध्ये. आणखी एक, टाकीकडून येणाऱ्या नळीला दोन टाक्यांचा कॉक दिसला तर समजा इंजिन केरोसीनवर चाललेलं आहे, सुरू पेट्रोलवर करायचं आणि मग केरोसीनवर टाकायचं. त्यात वाईट काही नाही, पण कार्बन साचलेला असणार, भाव त्या हिशोबाने.

इंजिन बिघडलं तर दुसरं टांगता येतं. तळ बिघडला तर काय बदलणार? म्हणून मी असतो तर 28 फुटीपासून सुरुवात केली असती.

पारोळकर_सध्या_वसई

वरच्या दादांनी बोटीचं इतकं सांगितलंय की मी फक्त समुद्राचं सांगतो. मी हौशी, मित्रांच्या बोटीवर जातो.

धरणाच्या बोटीत आणि समुद्राच्या बोटीत मोठा फरक काठाच्या उंचीचा आणि तळाच्या आकाराचा. आपल्या धरणावरच्या होड्या सपाट तळाच्या, बुटक्या काठाच्या, त्या पाण्यात छान उभ्या राहतात पण समुद्रात दुपारी वारा सुटला की प्रत्येक लाटेवर आपटतात आणि काठावरून पाणी आत घेतात. पुढे खोल व्ही असलेली आणि नाळ, म्हणजे पुढचं टोक, उंच असलेलीच बघा.

पेट्रोलचं म्हणाल तर 40 चं जुनं टू-स्ट्रोक फुल थ्रॉटलला तासाला पंधरा लिटरच्या पुढेच जातं, आणि पेट्रोल शंभरच्या वर आहे, करा हिशोब. राज्याची हद्द 12 सागरी मैल, म्हणजे बावीस किलोमीटर. एका इंजिनाच्या उघड्या 24 फुटीत मी तेवढंही आत जाणार नाही. पेट्रोल नेहमी तीन भागांत धरा, एक भाग जायला, एक यायला, एक हात न लावायचा. आत गेलात तर समुद्रातल्या खनिज तेलाच्या प्लॅटफॉर्मपासून 500 मीटर लांबच राहायचं, तिथं मासे असतात म्हणून लोक जातात आणि मग पकडले जातात.

व्हीएचएफ रेडिओ सेट घ्या, संकटात हाक मारायला चॅनल 16. माणशी लाईफ जॅकेट, बोटीवर नुसतं ठेवायचं नाही, घालायचं. कोस्ट गार्डचा 1554 आणि सागरी पोलिसांचा 1093 घरच्यांकडे पण लिहून ठेवा. तुमच्या नंदुरबार जिल्ह्यात 2019 च्या संक्रांतीला नर्मदेत भुशाजवळ बोट उलटली, क्षमतेपेक्षा जास्त माणसं बसली होती, लेकरं गेली त्यात. ते तर लाटा नसलेलं पाणी.

कागद: बोटीचं मत्स्य खात्याकडचं रजिस्ट्रेशन (रिअलक्राफ्ट पोर्टलवर होतं) आणि 1981 च्या सागरी मासेमारी कायद्याखालचा परवाना, हे दोन्ही बघा. बोटीवर रंगवलेला आयएनडी-एमएच वाला नंबर आणि कागदावरचा नंबर एकच पाहिजे, इंजिनचा नंबरही ताडून बघा. गुजरातची बोट स्वस्त मिळते म्हणून उडी मारू नका, आधी दोन्हीकडच्या मत्स्य खात्यात नाव बदलून मिळेल का ते विचारून या. बंदी 1 जून ते 31 जुलै. आणि हो, मालकाला विचारा मे 2021 च्या तौक्ते वादळात बोट कुठं होती, उत्तर देताना त्याचं तोंड बघा.

फायबरवाला_धुळे

वादळाचं बरोबर बोललात. त्यात एकमेकांवर आदळलेल्या बोटी नंतर पुट्टी-रंग करून विकल्या गेल्यात. शिवाय भरती-ओहोटी विसरू नका. मुंबईला उधाणाला पाच मीटरच्या आसपास पाणी चढतं, उत्तरेला खंबातच्या आखाताकडे जाल तसं आणखी. खाडीत उभी बोट रोज दोनदा चिखलावर बसते आणि दोनदा उठते, खाली एखादा दगड आला की तिथंच रोज दाब. धरणात हा प्रकारच नाही.

धरणावर आणायचं मात्र डोक्यातून काढा. घाटातून 24 फुटी ओढत आणायचा खर्च, वर तलावाचा ठेका असतो सोसायटीकडे, आणि आता आतल्या पाण्यातल्या इंजिनाच्या बोटींना 2021 चा वेगळा कायदा आहे, त्याची नोंदणी वेगळी. पावसाळ्यात बोट किनाऱ्यावर वर ओढून झावळ्यांच्या शाकाराखाली ठेवतात, तेच बरं, फायबर वाळतं पण.

शहादेकर_गळवाला

जाऊन आलो मंडळी. नवापूर-सुरतवरून गाडीने गेलो, रस्त्यात पोटाचे हाल, तो वेगळा विषय.

24 फुटीचं झाकण गरम होतं 🙏. मालक म्हणे "आत्ताच चेक केलं तुमच्यासाठी". हातोडीने ठोकलं, डावीकडे कडक आवाज आणि उजवीकडे बुचाच्या वर हातभर जागेत भद्द, शालकालाही कळला. शिडीचा एक स्क्रू सैलच होता, मालकाला विचारून काढला तर हाताने निघाला, आट्यांमध्ये काळपट ओला भुसा अडकलेला आणि भोकातून चहाच्या रंगाचं पाणी ओघळलं, चांगलं बोटभर लांब. रंग मात्र अजून नखाने सोलेल इतका ताजा. मालक म्हणे दोन लाखाला न्या. मी नुसता हसलो.

28 फुटी बघितली पण ओहोटी होती, ती चिखलात बसलेली, इंजिन लावता आलं नाही. तळ खालून दिसला, कीलला एका जागी जुना पॅच आहे, आतल्या बाजूनेही तिथं रेझिनचा वेगळा रंग दिसतो. पॅच वाजवला, आवाज कडक. तांडेल म्हणतो ही बोट त्याला माहितीय, खडकावर बसली होती. डिझेलचं मला काही कळत नाही, त्यात काय बघू?

फायबरवाला_धुळे

दोन लाखाला पण नको, ट्रान्सम आणि खालचे बीम बहुतेक दोन्ही गेलेत.

28 फुटीचा पॅच आतून-बाहेरून दोन्हीकडे केलेला आहे आणि कडक वाजतो म्हणजे करणाऱ्याने काम नीट केलंय, मला तेवढं चालतं, पॅचच्या कडेने शाई फिरवून घ्या फक्त. इंजिन ट्रकचंच असेल समुद्राच्या कामाला लावलेलं, पार्ट मिळतात. भरतीला जा, थंड चालू करायला लावा. धूर थोडा वेळ पांढरा आला तरी चालेल, पण गरम झाल्यावरही निळा राहिला तर तेल जळतंय, लोडवर काळाकुट्ट आला तर इंजेक्टर नाहीतर हवेचं काहीतरी. इंजिन ज्या बेडवर बोल्ट केलंय तिथले बोल्ट आणि फायबर बघा, थरथरून तिथंच सैल पडतं. पंख्याचा शाफ्ट तळातून जिथून बाहेर जातो तिथं थेंब थेंब पाणी चालतं, धार नाही. पंखा हाताने खाली-वर हलवून बघा, शाफ्ट खडखडला तर बुश गेला. मग अर्धा-पाऊण तास फुल लोडवर बाहेर पळवा, तांडेलाला सुकाणूवर बसवा आणि तुम्ही स्वतः खाली इंजिनजवळ थांबा, तळात पाणी किती साठतं, तेल कुठं गळतं ते तिथंच दिसतं. साडेपाचला पाच म्हणा, सगळं जमलं तर.

शहादेकर_गळवाला

येत्या भरतीच्या वेळा शालकाकडून मागवल्यात. तुम्ही आलात तर गाडी धुळ्यावरून काढतो दादा, जेवण माझ्याकडे.

फायबरवाला_धुळे

रविवार धरा. आणि शालकाला सांगा, मालकाला आदल्या रात्री फोन करून "उद्या येतोय" सांगायचं नाही, आपण खाडीवर पोचलो की मगच.